माउंटखालचं हिरवं

गल्लीत सगळे त्यांना चौकटमामा म्हणत. चित्रांना फ्रेम बसवणं हा धंदा आणि फुकटचे सल्ले देणं ही खोड. जलरंगातलं चित्र कुणी आणलं की मामांचं पालुपद ठरलेलं: उन्हात टांगू नका, रंग उडतो. आणि बायकोने काढलेलं चित्र मात्र त्यांनी नेमकं दारासमोरच्या भिंतीवर लावलं होतं, जिथे दुपारभर ऊन.

ते चित्र होतं घरामागच्या रानटी झाडोऱ्याचं. ओल्या कागदावर रंग मोकळे सोडलेले, पानांत पानं घुसलेली, एक देठ सरळ असेल तर शपथ. ना भाजीला, ना फुलदाणीला, हे कसलं गवत काढलंस, म्हणून मामांनी तिची मनसोक्त थट्टा केली होती. ती गेली आणि तेच गवत त्यांना दिवसभर डोळ्यांसमोर हवंसं झालं. कामाच्या टेबलावरून समोर दिसणारी भिंत तेवढी एकच. ऊन येतं हे कळत होतं, पण मन ऐकेना.

काही वर्षांनी परगावी असलेली मुलगी राहायला आली. दुकानात शिरताच चित्रासमोर थबकली.

"बाबा, हे असं निळं कधी झालं?"

मामांनी तिलाच वेड्यात काढलं. रोज बघणाऱ्याला कसं कळावं? हिरव्यातला पिवळा केव्हाच उडून गेला होता.

त्यांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट उचलला. त्याखाली झाकलेली चारी बाजूंची बोटभर पट्टी अजून हिरवीगार होती. याच पट्टीवरून मामांचं बायकोशी वाजलं होतं. "अहो, कडा झाकू नका, झाडं तिथूनच तर बाहेर पडतात," असं ती परोपरीने सांगत होती. माउंट नसला की कागद काचेला चिकटतो, तुला काय कळतं, म्हणत मामांनी आपलंच खरं केलं होतं.

उरलंय तेवढं तरी टिकेल, चित्र कपाटात ठेवू या, असं मुलगी म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

"टिकेल गं," मामा म्हणाले. "पण तिची आठवण आली की मी काय कपाटाकडे बघत बसू?"

शेवटी कागद काचेला टेकू नये म्हणून काचेच्या आत कडेला बारीक पट्ट्या घालून त्यांनी ते चित्र माउंटशिवाय बसवलं आणि आतल्या अंधाऱ्या भिंतीवर टांगलं. मग टेबल ओढत त्याच्यासमोर नेलं. आता दुकानात शिरणाऱ्याला आधी मामांची पाठ दिसते. दोन-तीन हाका मारल्याशिवाय ते वळत नाहीत.