खळ्यातला नांगर

‘जरा समजून घ्या’ असं कुणी म्हटलं की माझ्या सासूचं डोकं फिरतं. मार्सेलिन तिचं नाव, आम्ही तिला मम्मी म्हणतो. उत्तनच्या आमच्या वाड्यात सगळे तिला वचकून असतात. मी सून म्हणून आले तेव्हा मीही टरकायची. आता आम्ही दोघी मिळून इतरांना टरकवतो. उभा जन्म तिने बोंबील सुकवण्यात घालवला. होडी किनाऱ्याला लागली की पाटी डोक्यावर घेऊन खळ्यावर जायचं, जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या करायच्या आणि बांबूंवर टांगायच्या. मासळी सुकवायच्या जागेला आम्ही खळं म्हणतो. नवरा गेला त्या आठवड्यातही तिने खळं रिकामं ठेवलं नाही. लोक बोलले. ती म्हणाली, ‘‘माझा एरिक जेवायचा थांबलाय का?’’ तो एरिक म्हणजे आता माझा नवरा.

तर त्या खळ्यावर जितेंद्रसाहेबांनी पत्र्यांचं कुंपण ठोकलं.

हे साहेब मुंबईचे. शेजारची जागा त्यांनी लवूकाकांच्या मुलांकडून घेतली, सुट्टीचा बंगला बांधला, भराव टाकून लॉन लावलं, आणि बघता बघता आमचं अर्धं खळं पत्र्याच्या आत! वर आम्हालाच ऐकवतात, ‘‘मावशी, वास येतो हो. जरा समजून घ्या.’’ झालं! मम्मीने मासळी धुतलेलं बादलीभर पाणी त्यांच्या गेटवर ओतलं आणि म्हणाली, ‘‘ह्यो घ्या वास. नीट समजून घ्या.’’

पण पाणी ओतून जमीन परत मिळत नाही. हद्दीचे दगड भरावाखाली गेले होते. राहिली होती एकच खूण. मम्मीचे सासरे आणि लवूकाका, दोघांनी राजीखुशीने हद्दीवर आमच्या घरचा जुना नांगर पुरला होता. मम्मी तेव्हा नवी नवरी. पुरताना तिने डोळ्यांनी बघितलेलं. पण ज्या माडाच्या बाजूला तो पुरला, तो माडच साहेबांनी तोडून टाकला. आता सगळीकडे हिरवंगार गवत, कुठे म्हणून खणायचं?

गावच्या बैठकीत साहेब हसत हसत म्हणाले, ‘‘नांगर दाखवा, त्याच दिवशी पत्रे काढतो. पण माझ्या लॉनमध्ये खड्डा एकच. नाही निघाला तर मी भिंत बांधणार, मग कुणी बोलायचं नाही.’’

‘‘कबूल,’’ मम्मी म्हणाली.

अर्धं खळं गेलं तर आमचा धंदाच बसला. एरिक घरी येऊन करवादला, ‘‘मम्मी, एका खड्ड्यात काय घंटा मिळणार?’’ तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि त्याला गप्प जेवायला सांगितलं.

मला आठवली सुचेता. सुकी मासळी विकायला मी इंद्रलोकच्या बिल्डिंगींमध्ये जाते, तिथलं माझं गिऱ्हाईक. रस्त्यावर नवं डांबर पडलं की पाण्याच्या लाइनीची लोखंडी झाकणं खाली गाडली जातात. ती शोधून देणं हे तिचं काम. हातात लांब पिवळी काठी, टोक जमिनीकडे. खाली लोखंड असलं की काठी किंचाळते. सोनं असलं तरी ढिम्म! मी तिला म्हटलं, ‘‘आमच्या खळ्याच्या हद्दीवर नांगर पुरलाय गं. शोधून देशील?’’

‘‘देते की. रविवारी येते. बोंबील मात्र मोठे काढून ठेव.’’

रविवारी अख्खा वाडा जमला. साहेब लॉनवर खुर्ची टाकून चहा पीत बसलेले. सुचेताने काठी सुरू केली, तर पत्र्यांजवळ ती अशी बोंबलायला लागली की थांबेचना.

‘‘हिलाबी वास आला वाटतं,’’ मम्मी म्हणाली.

‘‘पत्र्याचं लोखंड आहे ना आजी, त्याच्यापुढे हिला दुसरं काही ऐकू येत नाही,’’ असं म्हणत सुचेता लॉनच्या आत सरकली. काठी डावीकडे, उजवीकडे फिरवत सावकाश चालली. एका जागी काठी जोरात ओरडली. दोन पावलांवर पुन्हा तशीच ओरडली. सुचेताने मान हलवली. ‘‘दोन टोकं वाजतायत. कुठलातरी आडवा पाइप असणार.’’ आणि ती पुढे गेली! शेवटी पार कोपऱ्यात बारीकसा आवाज आला, तशी ती खूश झाली. ‘‘हां, हे बरोबर वाटतंय. छोटंच आहे.’’ तिने तिथे चुन्याची फुली मारली. एरिकने कुदळ उचलली.

‘‘थांब रे,’’ मम्मी ओरडली. ‘‘छोटं काय, पोरी?’’

‘‘फाळ, आजी. लाकूड तर कधीच कुजलं असेल. उरला असेल तो लोखंडी फाळ.’’

‘‘कसला फाळ?’’

‘‘नांगराचा!’’

मम्मीने कपाळावर हात मारून घेतला. ‘‘अगो बाय माझे! आमच्या घरात बैल कुणी बघितला? होडीचा नांगर! दर्यात टाकतात त्यो!’’

‘‘अय्यो! तुम्ही खळं म्हणालात, नांगर म्हणालात, मी आपली शेतीच धरून बसले,’’ सुचेता म्हणाली.

अख्खा वाडा खो खो हसला. मला मात्र हसू येईना. एरिकची कुदळ अजून वरच होती. ती एकदा खाली आली असती, तर तोच आमचा एक खड्डा मोजला गेला असता आणि विषय संपला असता.

सुचेता दोन टोकं वाजलेल्या मघाच्या जागेकडे पळाली. साहेब खुर्चीतून उठले. ‘‘एक मिनिट, एक मिनिट. जागा ठरली ना? फुली पडलीये.’’

‘‘खड्डा एक ठरला होता,’’ मम्मी म्हणाली, ‘‘फुली न्हाय.’’

‘‘आणि फुली कुठाय, साहेब? आम्हाला तर दिसत नाही,’’ मी म्हटलं. तोवर मी ती चपलेने पुसून टाकली होती.

नव्या जागी एरिक खणायला लागला. आधी गवत, मग भरावाची माती, मग विटांचे तुकडे. तो कमरेइतका आत गेला तरी काही नाही. साहेब मोबाइल काढून भिंतीसाठी कुणाला तरी फोन लावू लागले. संताप संताप झाला माझा! आणि तेवढ्यात कुदळ खणकन वाजली.

मम्मी साडी खोचून स्वतः खड्ड्यात उतरली. हातांनी माती बाजूला केली. आधी एक वाकडा दात दिसला, मग मधला जाड दांडा, गंजून काळा पडलेला. होडी मोडीत निघाली, पण नांगर भंगारात द्यायला तिच्या सासऱ्यांचा जीव होईना, म्हणून त्यांनी तो इथे ठेवला होता. ती त्याच्यावर थोपटत राहिली. मला एवढा आनंद झाला की मी साहेबांच्या लॉनवर नाचले. चपला घालून नाचले.

साहेबांचा चेहरा उतरला, पण सगळ्यांसमोर दिलेला शब्द त्यांना गिळता येईना. ‘‘ठीक आहे, पत्रे काढतो. पण हा नांगर तुम्ही घेऊन जा. माणसं मी देतो. मस्त रंग लावून दारात ठेवा, शोभून दिसेल. इथे मी छानसा सिमेंटचा खांब घालतो. काय आहे, मावशी, जरा समजून...’’ पुढचा शब्द त्यांनी आवरला.

मम्मी खड्ड्यातूनच वर बघत म्हणाली, ‘‘साहेब, नांगर कधी उचलतात, ठाव हाय? निघायचं असलं की. आम्ही कुठं निघालोय?’’

मम्मी वर आली आणि दोन्ही हातांनी माती परत आत लोटायला लागली. मग मी बसले, एरिक बसला, वाड्यातल्या बायका बसल्या. खड्डा बुजल्यावर सुचेताने वरून एकदा काठी फिरवली. काठी अशी किंचाळली की साहेबांचा कुत्रा पळाला.

पत्रे निघाले. त्या जागी पहिला बांबू मम्मीने रोवला. आज खळं बोंबलांनी भरलंय, आणि वारा बंगल्याकडे आहे.