आळीनं चारलेलं कुत्रं

आणीबाणीच्या आदल्या साली आम्ही वरवंडला राहायचो. माझ्या सात वर्षांच्या लेकीला आळीतलं कुत्रं चावलं.

दौंडच्या डॉक्टरांनी जखम धुतली. म्हणाले, "पोटात रोज एक, अशा चौदा सुया. आजच सुरू करू. कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस धड राहिलं तर मध्येच थांबवू."

"सुयांचा काही त्रास?"

"क्वचित कुणाचे पाय लुळे पडतात."

झालं! माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. म्हटलं, आधी कुत्र्याचं बघते, मग सुया. डॉक्टर चिडले, पण मी कसली ऐकतेय! पोरीला घेऊन घरी आले.

कुत्रं दारातल्या लिंबाला बांधलं. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी त्याच्यापुढं जाऊन बसायची. लाळ गळतेय का, पाणी पितंय का. पोरगी पाणी प्यायला लागली की तिचे घोट मोजायची. तिला ठसका लागला तरी पुन्हा पाणी पाजून बघायची. नवरा रेल्वेत, फिरतीवर. विचारायचं कुणाला?

चौथ्या दिवशी कुत्र्यानं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. पाण्यालाही शिवेना. पोरीला उचललं, मिळेल त्या एसटीनं दौंड गाठलं. पहिली सुई टोचताना ती "आई, नको गं" म्हणून किंचाळली. मी विचारलं, "डॉक्टर, उशीर झाला का?"

"आता कसं सांगू?" ते म्हणाले.

परत आले तर शेजारची म्हातारी कुत्र्यापुढं दुधाची वाटी घेऊन बसलेली.

"आजी, काय करताय?"

"अगं, कुत्रं जगलं तर पोरगी जगंल म्हनत्यात न्हवं? मंग जगवाय नगं व्हय? सकाळधरनं तुजी पाठ फिरली की समदी आळी चारतीया. आता खाईनाच मेलं, प्वाट फुटाय आलं त्याचं."

"अवं आजी, ते जगतंय का ते बघायचं होतं! जगवायचं न्हवतं!" मी ओरडले आणि तिथंच मातीत बसून ढसाढसा रडले.

सुया मात्र लगेच थांबवल्या नाहीत. सात झाल्या, दहावा दिवस उलटला, कुत्रं ठणठणीत, तेव्हा डॉक्टरांनी थांबवल्या. पोरीचे पायही शाबूत. आळी म्हणाली, बाईचं काळीज लई घट्ट. थांबली म्हणून पोरीला दहाच्या जागी सातच बसल्या, तीन सुया वाचल्या.

तीन सुया. तेवढ्यासाठी मी तीन दिवस लेकीचा जीव त्या लिंबाला बांधून ठेवला होता.