कॉलरचा फर्मा

माझ्या धाकट्या जावेला सगळी गल्ली ‘मास्तर’ म्हणते. शर्टाची कॉलर बेतावी तर तिनेच. सुताइतकी चूक तिला खपत नाही, मग समोर नवरा असो की गिऱ्हाईक. डोकेदुखी मात्र तिच्या पाचवीला पुजलेली. काही वर्षांपूर्वी त्यापायी मेंदूचा एमआरआय झाला. “अर्धशिशी आहे, घाबरू नका,” एवढं ऐकलं आणि घरी येऊन तिने त्या जाडसर काळ्या फिल्मवर कात्री चालवली. कॉलर आखायचा फर्मा असा पुठ्ठ्याचाही होत नाही, म्हणाली.

यंदा तिचा एक डोळा अंधुक झाला. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, बोटांतून सुई निसटायला लागली. नव्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके निघाले.

“अर्धशिशीनेही ठिपके येतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जातंतूंच्या आजाराचे बहुधा मेंदूतल्या मधल्या पोकळ्यांना लागून असतात. इथे दोन्ही तऱ्हेचे दिसतायत. जुनी फिल्म आणा. सगळे तेव्हाचेच असले, तर काळजी बरीच कमी होईल.”

भाऊजींनी, तिच्या नवऱ्याने, कपाळावर हात मारला. “हिने स्वतःचा मेंदू कापून लोकांच्या कॉलरी बेतल्यात!”

“तुमचीही त्यातलीच,” मास्तर म्हणाली. “म्हणून तर ताठ आहे.”

घरी आम्ही फर्म्यांचा डबा उपसला. तुकड्यांवरचा खडू ओल्या फडक्याने पुसताना ती हळूच म्हणाली, “ताई, ठिपके जुनेच असू देत हो. हात गेला तर माझ्याकडे उरतं काय?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांसमोर तुकडे उजेडाच्या काचेवर जुळवले. कडेचे बारीक ठिपके जुन्या फिल्मवरही होते. मास्तरने माझा हात घट्ट दाबला. डॉक्टरीणबाईंचं बोट मध्याकडे सरकलं. पोकळ्यांचा भाग नेमका कॉलरच्या तुकड्यात शाबूत राहिला होता. तिथे एकही ठिपका नव्हता.

“मधले सगळे नवे आहेत,” त्या म्हणाल्या. डोळ्याची आणि पाठीतल्या पाण्याची तपासणीही मल्टिपल स्क्लेरॉसिसच सांगत होती. औषधांनी पुढचे झटके कमी होतील. हाताचं गेलेलं बळ परत येईलच, असं नाही.

“हे तुकडे फाइलीत राहू देत.”

“मग एक कागद द्या,” मास्तर म्हणाली. “कॉलर उतरवून घेते.”

तिने फर्मा कागदावर ठेवला. पेन कडेवरून घसरलं. पुन्हा धरलं, पुन्हा घसरलं. मग तिने ते भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनी कॉलर आखली. टोकाशी रेघ चांगलीच चुकली. तिने पाहिलं, आणि कागद तसाच घडी घालून पिशवीत ठेवला.