माळवदावरचं इंग्रजी

इंग्रजी व्याकरणामुळे माझा डावा घोटा कायमचा वाकडा आहे.

निजामी अमलातली गोष्ट. आमची सारी पढाई उर्दूतून, इंग्रजीचा तास तेवढा वेगळा. ठिकाणाचे शब्द शिकवताना मास्तर सांगत, "भिंतीला हात लावून 'होम' म्हणालात तर नाम. 'होम' म्हणून घराकडं निघालात तर क्रियाविशेषण. पाय हलला की नाम संपलं." आम्ही हे शब्द वर्गात चालून पाठ केले. त्यामुळे बसल्या जागी मला त्यातला एकही आठवत नसे. (बाकीचे विषय उभ्यानंही आठवत नसत.)

तेलगावहून आबा मला घेऊन माजलगावला मुलगी पाहायला गेले. मुलीचे वडील तहसिलीत पेशकार. त्यांची अट एकच: जावई इंग्रजी जाणणारा हवा. "पोरगं फाडफाड बोलतंय," असं आबांनी गावभर सांगून ठेवलेलं. नकार घेऊन परतायला तोंड नव्हतं.

पानसुपारी झाली. पेशकारसाहेब म्हणाले, "बरखुरदार, 'अपस्टेअर्स' हे नाम की क्रियाविशेषण?" (नशीब! 'होम' विचारलं असतं तर मी तेलगावला चालत गेलो असतो.)

मी उठलो.

"कुठं निगालास बे?" आबा कुजबुजले.

"पाय हलवावा लागतोय."

अंगणात माळवदाला शिडी लावलेली होती. छतावर चढलो आणि वरून ओरडलो, "साहेब, हे क्रियाविशेषण!"

"लई शिकलंय," आबा खालून म्हणाले.

"बहोत खूब. आता नाम दाखवा."

नामासाठी हात टेकवायला जागा हवी. पण माळवदभर कुरडया वाळत घातलेल्या. त्या चुकवत मी एका पालथ्या टोपलीवर पाय दिला. टोपलीखाली स्वयंपाकघराचा धूर जायचं भोक होतं.

कमरेपर्यंत मी आत गेलो आणि अडकलो. वरचा अर्धा नाम, खालचा अर्धा क्रियाविशेषण.

"आई गं, छतातून पाय आले!" खाली कुणीतरी किंचाळलं आणि माझा डावा पाय धरून ओढू लागलं. आबा आणि पेशकारसाहेब वर येऊन बखोटी धरून खेचू लागले.

"आबाजी, हे स्थळ जमायचं न्हाई," पेशकारसाहेब धापा टाकत म्हणाले.

एवढ्यात त्यांच्या मंडळी शिडीवरून आल्या. माझ्याकडं न बघता त्यांनी आधी कुरडया तपासल्या.

"अहो, इंग्रजी ऱ्हाऊ द्या. पोरगं पडलं, पर एक कुरडई मोडली न्हाई. हाच करा."

"मग पाय सोडू का न्हाई?" खालून मुलीनं विचारलं.

अजून सोडलेला नाही. घरात 'अप' कुठं आणि 'डाउन' कुठं ते तीच ठरवते. मी फक्त पाय हलवतो.