आडव्या खोडाच्या पलीकडे

फेरी निघायच्या आधी तपासणी व्हायची. ती कारकून करायचा.

कारकून म्हणजे तपकिरी रंगाचा, एक कान मुडपलेला म्हातारा कुत्रा. पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी लोक जमले की तो प्रत्येकाच्या पिशवीला नाक लावायचा, क्षणभर विचार करायचा आणि पुढच्याकडे सरकायचा. घाईत असलेला माणूसही तिथे ताटकळायचा. "साहेब, सही करा लवकर," असं कुणीतरी म्हणायचंच, आणि सगळे हसायचे. अनोळखी माणसं एकमेकांकडे पाहून हसली की मग पोस्टबाई म्हणायची, "चला."

पोस्टबाई एकसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं ती पोस्टात सॉर्टिंगला होती. खणांच्या उंच फळीसमोर उभं राहून पत्रं लावायची. ते काम संपलं आणि तिला घरात बसवेना, म्हणून तिने हे सुरू केलं. आठवड्यातून तीन दिवस, दोन तासांची टेकडीची फेरी. सोबत तीन कुत्री. पुढे सुतळी. ती इतकी बारीक, की गवतातून फक्त शेपूट दिसायची. मध्ये कारकून. मागे भोपळा, पिवळा आणि गोल. कुणी रेंगाळलं की भोपळा त्याच्या पोटरीला ओलं नाक लावायचा. दोनदा लावलं की माणूस आपोआप चालू लागायचा.

बाई फार बोलायची नाही. ती कामं वाटून द्यायची. "तुम्ही फक्त जमीन बघा. तुम्ही फक्त आवाज ऐका. तुम्ही वास घ्या." वरच्या सपाटीवर पोचलं की प्रत्येकाने आपापलं सांगायचं. मुंग्यांची रांग, सुतारपक्ष्याची ठकठक, पावसात कुजलेल्या लाकडाचा वास. एकदा एका हिशेबनिसाने बराच वेळ विचार करून सांगितलं होतं, "मला माझ्याच बुटांचा वास आला." बाईने तेही मानाने ऐकून घेतलं.

सपाटीच्या टोकाला एक मोठं खोड आडवं पडलेलं होतं. तिथे फेरी संपायची. बाई पाठपिशवीतून पत्र्याचा डबा काढायची. झाकण उघडल्याचा टक् असा आवाज झाला की तिन्ही कुत्री खोडापाशी ओळीने बसायची. प्रत्येकाला टोस्टचा तुकडा मिळायचा. मग मागे वळायचं. आठ वर्षांत एकही फेरी खोडाच्या पलीकडे गेली नव्हती.

पलीकडे काय आहे, असं कुणी विचारलं तर बाई म्हणायची, "काटे."

काटे होतेच. पण काट्यांच्या पलीकडे एक बंद पडलेली दगडखाण होती, आणि खाणीच्या भिंतीत, दोन पुरुष उंचीवर, एका कपारीत घुबडांची जोडी राहायची. मोठी घुबडं. डोक्यावर पिसांची दोन शिंगं, डोळे नारिंगी. बाईला ती अकरा वर्षांपूर्वी सापडली. वर्षातून चार-पाचदाच ती तिथे जायची, एकटी, आणि दर वेळी वेगळ्या बाजूने. कधी ओहोळाकडून, कधी खडकावरून. पावलांनी वाट पडू नये म्हणून.

सॉर्टिंगला लागली त्या पहिल्या दिवशी तिला हेडबाईंनी एकच गोष्ट सांगितली होती. पोस्टकार्ड उघडं असतं, म्हणूनच ते वाचायचं नाही. तिने एकतीस वर्षं वाचलं नाही. हात चालायचा, डोळा पत्त्याबाहेर जायचा नाही. खाणीचंही तिने तसंच ठेवलं होतं.

फक्त एका माणसाला तिने ती जागा दाखवली. धाकट्या बहिणीला.

धाकटी चार वर्षांपूर्वी तिच्या दारात आली ती एक सुटकेस आणि शिलाई मशीन घेऊन. नवऱ्याचं घर सोडलं होतं. का, ते तिने सांगितलं नाही आणि बाईने विचारलं नाही. बाईची दोन खोल्यांची जागा. आतल्या खोलीत खिडकीशी मशीन लागलं. धाकटी विजारींची लांबी कमी करायची, झिपा बदलायची. महिनाभर ती तीनच शब्द बोलली. हो, नको, झोपते. सुतळी तिच्या पायाशी पायडलजवळ बसायची, तिच्याशीही ती बोलेना.

शेवटी एका सकाळी बाई म्हणाली, "चप्पल नको, बूट घाल."

ओहोळाच्या बाजूने दोघी गेल्या. खाणीसमोरच्या खडकाआड पालथ्या पडल्या. कपारीत मादी बसली होती. तिने सावकाश मान फिरवली आणि या दोघींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

धाकटी कुजबुजली, "कशी बघते बघ. आपल्या चुलत सासूबाईंसारखी."

बाईला सासू नव्हती, चुलतही नव्हती. पण ती तोंडावर हात दाबून हसली. धाकटीही हसली, मग रडली, मग उतरताना सगळं बोलली. टपरीपर्यंत येईतो बाईला तिच्या संसाराची बारा वर्षं कळली होती.

टपरीपाशी बाई म्हणाली, "तिथलं मात्र कुणाला सांगू नकोस."

"सांगायला मला आहे कोण?" धाकटी म्हणाली.

या वर्षी बाईच्या गुडघ्यात पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एकदाच चढा, नाहीतर चढूच नका. बाईने रविवार स्वतःकडे ठेवला. मंगळवार आणि गुरुवार धाकटीला दिले. देताना डबा दिला, कामं कशी वाटायची ते शिकवलं, भोपळ्याच्या पायात काटा गेला तर काय करायचं ते दाखवलं. धाकटी पहिल्या दिवशी इतकी घाबरली होती, की तिने बूट उलटसुलट घातले. कारकुनाने तिलाच दोनदा तपासलं.

पण तिला जमलं. जमलं कसलं, ती चांगलीच गाजली. बाजारात लोक बाईला थांबवून सांगायचे, "तुमच्या बहिणीबरोबर फार मजा आली हो." चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणाला, "मंगळवारची फेरी म्हणजे काय विचारता." आणि बायकोकडे पाहून गालात हसला. बाईलाही हसू आलं. घरी येऊन तिने हे धाकटीला सांगितलं. धाकटी मशीनवर मान खाली घालून म्हणाली, "लोक उगाच कौतुक करतात." बाईला वाटलं, लाजली. तीन महिने बाई या आनंदात होती. आपल्या हातून एक माणूस उभं राहिलं, असं तिला मनातून वाटायचं. ते ती कुणाला बोलली नाही.

त्या रविवारी नऊ जण होते. त्यात लाल टोपी घातलेल्या एक बाई होत्या, दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणाऱ्या. त्या आधी एकदा येऊन गेल्या होत्या, मंगळवारी. कारकुनाने त्यांची पिशवी हुंगली आणि शेपूट हलवली. तो सहसा कुणासाठी शेपूट हलवत नसे.

"ओळखलं बरं का मला," लाल टोपीवाल्या बाई खूश होऊन म्हणाल्या.

सपाटी झाली. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. खोडापाशी बाईने डबा काढला. टक् आवाज झाला.

कुत्री बसली नाहीत.

सुतळी थांबलीच नाही. खोडावरून उडी मारून ती पलीकडे गेली. भोपळा खोडाखालून घुसला. आठ वर्षांत त्याने टोस्टकडे पाठ फिरवली नव्हती. कारकून तेवढा थांबला. त्याने बाईकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि खोडाला वळसा घालून तोही गेला. शांतपणे, रोजच्या कामाला निघावं तसा.

"अरे, आपण नाही का जायचं?" कुणीतरी म्हणालं.

बाई खोड ओलांडून गेली. पलीकडे तिला पहिल्यांदा दिसली ती जमीन. काटे बाजूला सारलेले होते. गवत बसलं होतं, मधोमध उघडी माती होती. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट.

तिने अकरा वर्षं पडू दिली नव्हती ती वाट.

ती भरभर चालली. गुडघा दुखत होता, तो तिला मागाहून आठवला. मागून लोक येत होते, त्यांना थांबा म्हणायचंही तिला सुचलं नाही.

खाणीत एक सपाट दगड होता. त्या दगडासमोर तिन्ही कुत्री ओळीने बसली होती. अगदी ती शिकवायची तशी, खांद्याला खांदा लावून. पण त्यांची पाठ कपारीकडे होती आणि तोंडं माणसांकडे. शेपट्या धूळ झाडत होत्या. ती खाऊची वाट बघत होती. दगडावर क्रीमच्या बिस्किटांचा चुरा होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

बाईने वर पाहिलं. कपार रिकामी होती. भिंतीवरची पांढरी विष्ठा सुकून राखाडी झाली होती. घुबडांनी ओकून खाली टाकलेले केसांचे आणि हाडांचे गोळे जुने, विसविशीत झालेले. या दिवसांत पिल्लं कपारीच्या कडेला उभी राहून पंख झाडतात. अकरा वर्षं ती हे बघत आली होती.

"गेलं वाटतं," लाल टोपीवाल्या बाई वर बघत म्हणाल्या. "आम्ही आलो तेव्हा होतं. काय मोठं हो. पंख पसरून आमच्या अंगावरच आलं. आम्ही टाळ्याच वाजवल्या."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं.

"किती वेळा येतात इथे?"

"आता मला काय माहीत. मंगळवारी येतात, गुरुवारी येतात..." लाल टोपीवाल्या बाई थांबल्या. मग त्यांनी तोंडावर हात नेला. "अगं बाई. तुम्हाला नव्हतं सांगायचं."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणजे, तुमच्या बहिणीने सगळ्यांकडून शब्द घेतला होता. ताईला कळू द्यायचं नाही म्हणून. आम्हाला वाटलं गंमत आहे."

मंगळवारचे आणि गुरुवारचे, तीन महिन्यांचे लोक. चष्मेवाला, त्याची बायको, बाजारातले सगळे हसरे चेहरे. सगळ्यांनी शब्द पाळला होता.

बाईने फेरी अर्धी सोडली नाही. लोकांना परत नेलं, निसरड्या उतारावर एका आजोबांना हात दिला. टपरीपाशी सगळ्यांना सांभाळून जा म्हणाली. डब्यातले टोस्ट तसेच होते.

घरी धाकटी एका कोटाचं अस्तर उसवत होती. बाई दारातच बूट न काढता उभी राहिली.

"कुत्री खाणीत गेली," ती म्हणाली.

धाकटीची कात्री थांबली. तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. तेवढं एक बरं झालं, असं बाईला नंतर कधीतरी वाटणार होतं. आत्ता वाटलं नाही.

"लोक विचारायचे, एवढंच का?" धाकटी म्हणाली. "खोडापाशी आलो की विचारायचे. तू असलीस की नाही विचारत. तुला सगळी माहिती. मला झाडांची नावं येत नाहीत, ताई. मी काय दाखवणार? माझ्याकडे तेवढंच होतं."

"ते तुझ्याकडे नव्हतं."

"तू मला दाखवलंस. मला वाटलं, दिलंस."

भोपळा आत जाऊन धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून उभा राहिला. त्याचं दोघींवर सारखंच प्रेम होतं.

"एकदाच नेणार होते," धाकटी म्हणाली. "पहिल्यांदा एकदाच. मग पुढचे लोक त्यासाठीच यायला लागले. माझ्यासाठी कधी कुणी आलं नव्हतं गं."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

धाकटीने अस्तराचा धागा ओढला. तो तुटला नाही, लांबच लांब निघत आला.

"आणि त्यांना सांगितलंस, ताईला कळू देऊ नका," बाई म्हणाली. "मी तुला जे सांगितलं होतं, तेच तू त्यांना सांगितलंस. फक्त माझ्याविरुद्ध."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"हो का," बाई म्हणाली. मग खाली बसून बूट काढू लागली. गाठ सुटेना. धाकटी उठून पुढे आली, वाकली. बाईने पाय मागे घेतला.

मंगळवार आणि गुरुवारची फेरी बंद झाली. टपरीवरच्या पाटीवर बाईने खडूने तसं लिहिलं, कारण लिहिलं नाही. धाकटीला तिने जा म्हटलं नाही. दोघी एकाच घरात राहतात. जेवतात, दिव्याचं बिल भरलं का विचारतात. ताई म्हणून हाक येते, बाई ओ देते. पण आता तीन शब्दांत भागवण्याची पाळी बाईची आहे.

डॉक्टरांचं न ऐकता रोज सकाळी ती गुडघ्याला पट्टा बांधून कुत्र्यांना वर न्यायची. लोक नाहीत, फक्त ती तिघं. खोडापलीकडच्या वाटेवर तिने काटेरी फांद्या ओढून टाकल्या. मग डबा उघडायचा, टक् आवाज करायचा आणि उभं राहायचं. पहिले काही दिवस तिघंही टोस्टला हुंगून तोंड फिरवायची. क्रीमच्या बिस्किटांनी जिभेचे नखरे वाढवले होते. आठवड्याभरात भोपळा बसला. मग सुतळी. कारकुनाला महिना लागला. आता तोही बसतो. पण पूर्वी तो डब्याकडे तोंड करून बसायचा, आता खोडाकडे करतो.

एका सकाळी बाई टेकडीच्या दुसऱ्या अंगाला गेली होती. तिथे एका उंच कड्याखाली तिला केसांचा एक गोळा सापडला. ओला, काळा, ताजा. तिने वर पाहिलं नाही. गोळा होता तिथेच राहू दिला, दोन पावलं मागे सरली आणि आली त्यापेक्षा वेगळ्या बाजूने उतरली.

घरी धाकटी मशीनवर होती. तिने पायडल थांबवलं.

"ताई, आलं का गं परत ते?"

गेले दोन महिने ती दर आठ-दहा दिवसांनी हे विचारायची, आणि दर वेळी बाई खरं उत्तर द्यायची.

"नाही," बाई म्हणाली.

धाकटीने मान हलवली आणि पुन्हा शिवायला लागली. कुत्री दाराशी घोळक्याने उभी होती, शेपट्या हलवत, बाईचे हात हुंगत. आज ती त्यांना सोडून गेली होती. कारकुनाने तिची पिशवी तपासली. मग बूट तपासले, बराच वेळ. बाईने बूट उचलून वरच्या फळीवर ठेवले.

त्या कड्याकडे ती त्यांना नेत नाही. कुत्री चांगली आहेत. कुणालाही नेतील.