सासऱ्यांचा पासवर्ड

मे महिन्यातला दुसरा मंगळवार. काम एकच होतं: नव्या कॉम्प्युटरवरून जुन्या सर्व्हरमधले शर्टाचे पॅटर्न उघडायचे आणि कटिंगला त्यांचे कागद छापून द्यायचे.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं शाळेचे गणवेश शिवायचं युनिट आहे. सासऱ्यांनी उभं केलं, आता मी बघते. प्रत्येक शाळेच्या कॉलरचा, खिशाचा, बाहीचा माप-नमुना त्या सर्व्हरमध्ये आहे. सर्व्हर म्हणजे माळ्यावर ठेवलेला एक जुना डबा. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. खालच्या कॉम्प्युटरवरून त्यातल्या फायली उघडायच्या, अशी पद्धत. खालचा कॉम्प्युटर आदल्या आठवड्यात जळला, म्हणून नवा आणला.

नव्याला सर्व्हर आधी दिसेचना. पुण्याच्या तंत्रज्ञाने फोनवर बसून कुठलीशी जुनी सोय चालू करून दिली, तेव्हा दिसायला लागला. पण आत घेईना. नाव आणि पासवर्ड मागायचा आणि दोन्हींपैकी काहीतरी चुकलंय म्हणायचा.

पासवर्ड सासऱ्यांनी ठेवलेला. जळलेल्या कॉम्प्युटरात तो साठवलेला होता, त्यामुळे कित्येक वर्षांत कुणी हाताने टाकलाच नव्हता. मी घरी जुळे सोलापूरला सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, सर्व्हरचा पासवर्ड?"

"आपल्या पहिल्या शिलाई मशीनचा नंबर. आदी इंग्रजी अक्षर, मोठं. मग आकडे." आणि त्यांनी आकडे न अडखळता सांगितले.

टाकला. चूक. पुन्हा विचारला, त्यांनी तेच सांगितलं. पुन्हा चूक. लहान अक्षर करून पाहिलं, मध्ये जागा सोडून पाहिली. तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, पासवर्डच चुकतोय. कुणी आठवणीतून सांगतंय का?"

"हो."

"वय किती त्यांचं?"

हाच प्रश्न घरात महिनाभर चालला होता. सासरे एकच गोष्ट दोनदा विचारतात, एकदा दूध उतू गेलं, एकदा गॅस तसाच राहिला. माझा नवरा कॉलेजात शिकवतो. त्याने या सगळ्याची मनात नोंद ठेवली होती. बुधवारी सकाळी डॉक्टरची वेळ घेतली होती आणि तिथून थेट बँकेत जायचं होतं, युनिटच्या खात्यावरची त्यांची सही काढायला. युनिटच्या किल्ल्याही त्याच दिवशी काढून घ्यायच्या, असं त्याने ठरवलं होतं. सासऱ्यांना यातलं फक्त डॉक्टरचं माहीत होतं.

दहाच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला. पासवर्डाचं त्याला घरून कळलं होतं.

"बघ, मी म्हणत होतो."

"काय म्हणत होतास?"

"बाबांचं सुटत चाललंय. आज पासवर्ड, उद्या चेक लिहितील कुणालाही."

मी फोन ठेवला. बसवत नव्हतं. पंख्याखालीसुद्धा पाठ चिकटत होती. मी टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत फिरत होते. कटिंग मास्तर कापडाचे थर लावून हात बांधून उभे होते.

"मॅडम, कागद न्हाय तर जुन्या पुठ्ठ्यावर कापतो की."

"त्याच पुठ्ठ्याची कॉलर गेल्या साली शाळेनं परत पाठवली. विसरलात?"

"मी न्हाय विसरलो. म्हटलं तुमी विसरला आसाल."

मशीनवरच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

तिसऱ्यांदा सासऱ्यांना फोन केला तेव्हा आवाज बदललेला होता. आकडे त्यांनी सावकाश सांगितले, मध्ये थांबले, पुन्हा पहिल्यापासून सांगितले. शेवटी म्हणाले, "माझंच चुकत आसंल. तू दुसरं कायतरी बघ."

या माणसाने पस्तीस शाळांची मापं तोंडपाठ ठेवून धंदा केला. 'माझं चुकत असेल' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नापासून ऐकलं नव्हतं. मला राग आला. कोणाचा, ते ठरवायला वेळ नव्हता.

मी शिडी मागवली. मास्तरांनी ती धरली. माळ्यावरून सर्व्हर खाली काढला, धुळीने हात काळे झाले. जळलेल्या कॉम्प्युटरचा पडदा आणि कीबोर्ड चांगले होते, ते थेट त्याला जोडले. हे सकाळीच सुचायला हवं होतं, पण तंत्रज्ञ फोनवर असला की आपलं डोकं आपण बाजूला ठेवतो.

डबा घरघरला आणि त्यानेही पासवर्ड मागितला. मी सासऱ्यांनी सांगितलेलाच टाकला. मोठं अक्षर, मग आकडे.

उघडला.

मी पेन ड्राइव्ह लावला, शाळेची फाईल काढली आणि नव्या कॉम्प्युटरवरून कागद छापायला सोडला. मास्तर कागद घेऊन गेले. काम अडलेलं सुटलं होतं, पण मला चैन पडेना. पासवर्ड बरोबर आहे, तर नव्या कॉम्प्युटरला तो चूक का म्हणतो? हे कळल्याशिवाय घरी काय सांगणार होते? नवरा म्हणाला असता, शेवटी तूच काहीतरी खटपट करून उघडलंस.

तंत्रज्ञाला फोन लावायला मोबाईल उचलला. त्यावर अजून बारा वाजायचे होते. सर्व्हरच्या पडद्यावर, कोपऱ्यात, साडेबारा वाजून गेले होते.

भिंतीवरचं घड्याळ पुढे असतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बायका वेळेवर याव्यात म्हणून सासऱ्यांनी ते आधी दहा मिनिटं पुढे केलं. बायका दहा मिनिटं वजा करायला शिकल्या. मग त्यांनी आणखी दहा वाढवली. असं करत करत ते पाऊण तास पुढे गेलं. आता कुणी त्याच्याकडे बघून धावत नाही. पण सर्व्हरही पुढे असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तंत्रज्ञाला सांगितलं. तो म्हणाला, नवं मशीन पासवर्डासोबत स्वतःची वेळही पाठवतं. अर्ध्या तासाहून जास्त फरक दिसला की असे जुने सर्व्हर दार लावून घेतात, आणि कारण विचारलं तर पासवर्ड चुकला एवढंच सांगतात. जळलेला कॉम्प्युटर युनिटच्याच वेळेवर होता, म्हणून त्याचं जमत होतं. नव्याने वेळ इंटरनेटवरून घेतली होती.

मी सर्व्हरची वेळ मोबाईलप्रमाणे लावली. नव्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड टाकला. सगळ्या शाळा रांगेने समोर आल्या.

घरी फोन केला. "मामा, पासवर्ड बरोबर होता. सर्व्हरचं घड्याळ तुम्ही पुढं केलं होतंत?"

"व्हय. भिंतीवर एक वेळ आन् बिलावर दुसरी, आसं बरं दिसत न्हाय."

"त्यामुळं सकाळपासून काम बंद होतं."

"पासवर्ड बरोबर हाय म्हणालीस न्हवं?"

"हो."

"मग माझ्यावर कशाला वरडतीस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाज पुन्हा त्यांचा झाला होता.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पासवर्ड आठवला. पण गॅस?"

"गॅससाठी डॉक्टरकडे जाऊ. सहीसाठी बँकेत जाणार नाही."

"आणि उद्या काही झालं तर?"

"झालं तर मी आहे ना तिथं. तू तिथं नसतोस."

त्याने वाद घातला नाही, पटलंय असंही म्हणाला नाही. खरं सांगायचं तर एका पासवर्डाने फार काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळत होतं. पण चुकीच्या कारणावरून कुणाच्या किल्ल्या काढून घेणं मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरच्या वेळेआधी मी सासऱ्यांना घेऊन युनिटवर गेले. शटर त्यांनी आपल्या किल्लीने उघडलं. त्यांना नव्या कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि सर्व्हरचा पासवर्ड बदलायला लावला. नवा काय ठेवायचा यावरून आमची थोडी हुज्जत झाली. दोघांनाही पाठ झाल्यावर मी तो एकदा त्यांच्याकडून म्हणवून घेतला, त्यांनी एकदा माझ्याकडून म्हणवून घेतला, आणि आम्ही दवाखान्यात गेलो.