चव्वेचाळीस हजार तुकडे

कॅसेट दुकानदाराच्या हातात देतानाच माझा जीव वरखाली होत होता. आईचा आवाज आमच्याकडे एवढाच उरलाय: आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हणायची, चार गाणी, मामाने कधीतरी टेप केलेली. मी आठ वर्षांची असताना ती गेली. तेव्हापासून दर आखाजीला पितरांची घागर भरली की आम्ही घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर ती गाणी ऐकतो, मगच पानावर बसतो. यंदा फीत कुरकुरायला लागली. गाणी फोनमध्ये घेऊन ठेव, असं नवऱ्याने दहादा बजावलं, म्हणून रविवार कारंज्याजवळच्या या दुकानात आले.

दुकानदार सांगत होता, फितीवर आवाज सलग असतो. कॉम्प्युटर सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा त्याचं माप घेतो आणि त्या आकड्यांतून तो पुन्हा उभा करतो. मी विचारलं, मग दोन मापांच्या मधलं कुठे जातं? कानाला कळेल असं काही निसटत नाही, म्हणे. म्हणे! माझं माहेर पिंपळगावचं. लिलावात चार कांदे हातात घेऊन अख्ख्या ट्रॉलीचा भाव ठरवणारे मी लहानपणापासून पाहिलेत.

चार दिवसांनी त्याने पाठवलेलं गाणं फोनवर लावलं आणि माझं डोकंच फिरलं. आईचा आवाज कसा भारदस्त, संथ. इथे कुणी पोरगी भरभर गात होती. तडक दुकान गाठलं आणि त्याला फैलावर घेतलं: कॅसेट बदललीस की आवाज बिघडवलास? त्याने शांतपणे तीच कॅसेट काढली आणि कॉम्प्युटर न लावता नुसती टेपडेकवर वाजवली. तीच पोरगी.

मग त्याने आमचा टेपरेकॉर्डर मागवून उघडला. आतला रबरी पट्टा लोंबत होता. पट्टा वर्षानुवर्षं सैल होत गेला, फीत हळू फिरू लागली, म्हणून आवाज जाड झाला, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, याला नवा पट्टा माझ्या गळ्यात मारायचाय. कुठेतरी पाणी मुरतंय, हे काही मनातून जाईना.

शेवटी सटाण्याला मावशीकडे गेले. आईची ही पाठची बहीण. आखाजीला स्वतःच्या घरची घागर सोडून ती कधी आमच्याकडे आली नाही, त्यामुळे कॅसेट तिने ऐकलेलीच नव्हती. काही न सांगता फोन तिच्या कानाशी धरला. पहिल्याच ओळीला तिने पदर डोळ्यांना लावला.

"हाऊच मन्ही बहिनना आवाज शे," ती म्हणाली.

झोका चढला की ताई अशीच दम लागेस्तोवर गायची, असं सांगत तिने गाणं पुन्हा लावायला लावलं. मग मी पुरावा म्हणून सोबत नेलेला आमचा टेपरेकॉर्डर सुरू केला. मावशीने जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, ही बाई कोण?

मला रडू आवरेना. इतक्या वर्षांनी आई खरी गात होती, आणि मी तिला परकी समजून दुकानात भांडून आले होते.